पीसीआरपेक्षा पाचशे पट कमी पकडणारी पट्टी: कोळंबीच्या व्हाईट स्पॉट किटचं प्रकरण

२००६ साली बँकॉकच्या श्रीनखरिनविरोत विद्यापीठातल्या पैसार्न सिथिगोर्नगुल यांच्या गटाने कोळंबीच्या व्हाईट स्पॉट रोगासाठी एक पट्टी बनवली, दिसायला प्रेग्नन्सी टेस्टची सख्खी बहीण, आणि पेपरात स्वतःच लिहून टाकलं की ही टेस्ट साध्या वन-स्टेप पीसीआरपेक्षा (म्हणजे व्हायरसचा डीएनए वाढवून शोधणारी लॅबमधली टेस्ट, एकाच फेरीत केलेली) अंदाजे ५०० पट कमी संवेदनशील आहे. पाचशे पट! कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं होतं, म्हटलं मग छापलं कशाला, गुपचूप कपाटात ठेवायची ना. पुढे कोकणात तळ्यांवर फिरायला लागलो, पाण्याचे रिपोर्ट, चेक ट्रे (कोळंबी खाते का ते बघायला तळ्यात खाणं घालून सोडलेलं ताट), रात्री दोनला येणारे फोन, आणि मग कळलं की त्या लोकांनी ते वाक्य लाजत लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे अजूनही "पीसीआर असताना पट्टी कशाला" हा प्रश्न दर सीझनला कोणीतरी विचारतंच.

आधी रोग. व्हाईट स्पॉट १९९२ च्या सुमारास तैवान आणि चीनच्या बाजूला दिसला, १९९३ ला जपानमध्ये, आणि १९९४ ला आपल्या पूर्व किनाऱ्यावर आंध्र-तामिळनाडूत टायगर कोळंबीची तळीच्या तळी रिकामी करून गेला, मग पश्चिम किनाराही सुटला नाही. डीएनए असलेला मोठा व्हायरस आहे, जीनोम साधारण ३ लाख बेस पेअरचा, म्हणजे कोव्हिडच्या व्हायरसच्या दहापट. लक्षणं दिसायला लागली की तीन ते दहा दिवसांत तळ्यातली जवळपास सगळी कोळंबी जाऊ शकते. औषध नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे, टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून कोळंबी बरी करता येत नाही, टेस्टचा उपयोग फक्त एकच की आता काय करायचं ते ठरवता येतं. काढायची, थांबायचं, की गेट बंद करून शेजाऱ्याला फोन करायचा.

आता गंमत बघा. माणसाला किंवा गुरांना रोग झाला की आपण त्यांच्या रक्तात अँटिबॉडी शोधू शकतो, कोव्हिडमध्ये ती पण टेस्ट निघाली होती, "मला होऊन गेलाय का" बघायला लोक रांगा लावत होते. कोळंबीत हे जमतच नाही, कारण कोळंबीला अँटिबॉडी नसतातच. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांकडे ती यंत्रणाच नाही. लढायची त्यांची स्वतःची हत्यारं आहेत, रक्तातल्या पेशी आहेत, रक्त गोठवणं आहे, पण अँटिबॉडी नाही. म्हणजे कोळंबीच्या रक्ताला विचारून काही कळणार नाही, व्हायरस थेट हुडकायला लागतो, आणि हुडकायला जी अँटिबॉडी लागते ती उंदराकडून उसनी आणायची. समुद्राचं तोंड न बघितलेला पिंजऱ्यातला उंदीर कोळंबीचा रोग ओळखायला शिकवतो, मला हे अजूनही भारी वाटतं.

सिथिगोर्नगुल मुळात कोळंबीच्या रोगांचे माणूस नव्हेत. त्यांचं आधीचं काम मज्जासंस्थेतल्या छोट्या छोट्या पेप्टाइडांवर, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांसारख्या रेणूंवर, आधी जंतांच्या आणि नंतर कोळंबीच्या डोळ्याच्या देठातल्या. इतकं बारीक काहीतरी पकडायचं म्हणजे अँटिबॉडी बनवायचा आणि मेम्ब्रेनवर, म्हणजे कागदासारख्या पातळ पडद्यावर, थेंब टाकून तपासायचा हात बसलेला असणार. तोच हात व्हायरसकडे वळला. आधी यलो हेड या कोळंबीच्याच दुसऱ्या व्हायरसच्या अँटिबॉडी, २००० सालचं काम, कारण थायलंडला व्हाईट स्पॉटच्या आधी यलो हेडने झोडपलं होतं, मग व्हाईट स्पॉट.

उंदीर, प्लीहा आणि खूप सारा कचरा

पद्धत तशी १९७५ ची, कोलर आणि मिलस्टाइन यांची, १९८४ ला नोबेल पण मिळालं. उंदराला व्हायरसचं प्रोटीन टोचायचं, दोन-दोन आठवड्यांनी परत, तीन-चार वेळा. मग त्याची प्लीहा काढायची, त्यातल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींशी जोडायच्या, कारण एकटी पेशी चार दिवसांत मरते आणि कॅन्सरची पेशी मरायचं नावच घेत नाही, जोडून जी होते ती हायब्रिडोमा, अँटिबॉडी पण बनवते आणि वर्षानुवर्षं वाढते पण. एका पेशीपासून वाढवलेली वसाहत म्हणून सगळ्या अँटिबॉडी एकसारख्या, म्हणून मोनोक्लोनल. पुस्तकात हे एका पानात संपतं. प्रत्यक्षात महिने जातात आणि त्यातले बहुतेक महिने फेकून देण्यात जातात.

फेकून देण्याचं कारण सांगतो. व्हायरस मिळवायचा तर आजारी कोळंबी वाटायची, गाळायची, साखरेच्या थरांवरून सेंट्रिफ्यूज करायची. कितीही स्वच्छ केलं तरी त्याच्याबरोबर कोळंबीचं स्वतःचं प्रोटीन येतंच, त्यात सगळ्यात चिकट म्हणजे हिमोसायनिन, कोळंबीच्या रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं प्रोटीन, ढिगाने असतं. उंदराला काय माहीत की तुम्हाला व्हायरसची अँटिबॉडी हवीये, त्याच्यासाठी कोळंबी पण परकी आणि व्हायरस पण परका, तो दोघांच्याही बनवतो. मग ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये हायब्रिडोमा वाढतात, तुम्ही आनंदाने टेस्ट करता, आजारी कोळंबीच्या रसाला मस्त रंग येतो. मग निरोगी कोळंबीचा रस टाकता आणि तिथेही तेवढाच रंग. गेली. पुढची. ती पण गेली. मी एका लॅबमध्ये दोन महिने नुसता बसून बघितलंय हे काम, करणारी मुलगी शेवटी प्लेटवर काळ्या मार्करने "कोळंबी, कोळंबी, कोळंबी" असं लिहून ठेवायची, चिडून.

यातून सुटायची एक वाट म्हणजे कोळंबीला मध्ये आणायचंच नाही. व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावर व्हीपी२८ नावाचं प्रोटीन आहे, साधारण २८ किलोडाल्टनचं, भरपूर प्रमाणात, बाहेरच असल्यामुळे अँटिबॉडीला सहज हाताशी. त्याचं जीन बॅक्टेरियात घालायचं आणि बॅक्टेरियाकडून प्रोटीन बनवून घ्यायचं. इथेही नखरे आहेतच, व्हीपी२८ चा सुरुवातीचा भाग पाण्याला घाबरणारा, तो ठेवला की बॅक्टेरिया नीट बनवत नाहीत किंवा गाळासारखा गोळा करून ठेवतात, म्हणून लोक तो तुकडा कापून उरलेलं बनवतात. थाई पट्टीत सशाच्या ज्या अँटिबॉडी वापरल्यात त्या अशाच बॅक्टेरियाने बनवलेल्या व्हीपी२८ वर तयार केलेल्या.

आणि एक सापळा, ज्यात नवखे हमखास अडकतात. काही अँटिबॉडी उलगडलेल्या प्रोटीनला छान चिकटतात, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटमध्ये (लॅबमधली टेस्ट, प्रोटीन उकळून उलगडून तपासायची) ठसठशीत पट्टा, सगळे खूश. पण तळ्यावर आपण व्हायरस उकळत बसणार नाही ना, तिथे प्रोटीन त्याच्या मूळ घडीत असतं आणि ही अँटिबॉडी बाई तिथे ओळखच दाखवत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच ज्या रूपात पट्टीवर व्हायरस येणार त्याच रूपात चाळणी लावायची. शिवाय यलो हेडच्या कोळंबीला चिकटते का, व्हिब्रिओ या बॅक्टेरियाला चिकटते का, कल्ल्याच्या कापात नेमक्या आजारी पेशीच रंगतात का, हे सगळं बघून झाल्यावर हातात दोन-चार कामाच्या उरतात. सुरुवात शेकडो खड्ड्यांपासून झालेली असते.

पट्टी

कोव्हिडच्या किटमुळे आता सगळ्यांना हे माहीतच आहे तरी सांगतो. पट्टीच्या एका टोकाला उंदराची मोनोक्लोनल अँटिबॉडी, तिला सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेले, इतक्या लहान आकारात सोनं पिवळं नाही तर लालसर दिसतं, म्हणून ती रेघ लाल-जांभळी. मध्ये 'टी' रेघेवर सशाच्या अँटिबॉडी. पुढे 'सी' रेघेवर बकरीच्या, उंदराच्या अँटिबॉडीला पकडणाऱ्या. कोळंबीचा तुकडा बफरमध्ये वाटायचा, १०० मायक्रोलिटर खड्ड्यात टाकायचा. व्हायरस असेल तर तो सोन्यासकट वाहत येतो आणि 'टी' वर अडकतो. उरलेलं सोनं 'सी' वर जाऊन अडकतं, त्यावरून कळतं की पट्टी चालू आहे. पंधरा मिनिटांत खेळ खल्लास.

सोन्याला उंदराची अँटिबॉडी आणि 'टी' रेघेवर सशाची, असं का, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मोनोक्लोनल एकाच जागेला धरते, अगदी एकाच, म्हणून ओळखायला बेस्ट, चुकीच्या दारात जात नाही. सशाच्या अँटिबॉडी म्हणजे सगळी खिचडी, प्रोटीनला दहा ठिकाणी धरणाऱ्या, म्हणून वाहत्या पाण्यातून ओढून पकडायला बेस्ट. ओळख उंदराची, पकड सशाची.

मग ते ५०० पट

पीसीआर व्हायरसचा डीएनए वाढवत वाढवत नेतो, कोळंबीत मूठभर प्रती असल्या तरी सापडतात, नेस्टेड, म्हणजे तेच दोन फेऱ्यांत केलं तर अजून कमी असल्या तरी. पट्टी काहीच वाढवत नाही, जेवढा व्हायरस आहे तेवढाच रंग. म्हणजे पट्टीवर रेघ यायला व्हायरस खूप लागतो. आणि मरायला टेकलेल्या कोळंबीत व्हायरस खूपच असतो, कल्ले, कवचाखालची त्वचा, पोटाचं अस्तर, सगळीकडे ठासून भरलेला. म्हणून त्या गटाने सरळ लिहिलं की ही पट्टी प्राथमिक चाळणीसाठी आणि जास्त लागण किंवा साथ आहे हे पक्कं करण्यासाठी आहे, आणि तळ्याच्या काठावर शेतकऱ्याने स्वतः वापरावी म्हणून आहे.

माझं मत असं की इथे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक एकाच टेस्टला दोन्ही विचारतात. बीज घेताना प्रश्न असतो "यात कुठेतरी, थोडासा तरी व्हायरस आहे का". तिथे पट्टी वापरणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, तिथे पीसीआरच, आणि ती पण नीट नमुना घेऊन, कारण १०० पैकी २ पिलांतच लागण असेल तर ९५ टक्के खात्रीने ती सापडायला साधारण १५० पिलं तपासायला लागतात, पाच-दहा पिलं बाटलीत घालून पाठवली की बहुतेक वेळा निगेटिव्हच येणार. पण तळ्यात साठ दिवस झालेत, सकाळी चार मेलेल्या कडेला दिसल्या, तेव्हा प्रश्न वेगळा आहे, "या आत्ता व्हाईट स्पॉटने मरतायत का". इथे पीसीआर उलट गोंधळ घालतो. बऱ्याच तळ्यांत हलकी लागण असते, कोळंबी खाते-पिते, वाढते, नेस्टेड पीसीआर मात्र पॉझिटिव्ह. त्या चार ऑक्सिजन कमी पडून मेल्या असतील, व्हिब्रिओने मेल्या असतील, आणि तुम्ही रिपोर्ट बघून घाबरून अख्खं तळं अर्ध्या साइझला काढता. पट्टी त्या हलक्या लागणीला आंधळी आहे आणि या प्रश्नासाठी तोच तिचा गुण. मेलेल्या कोळंबीतही 'सी' आली पण 'टी' आली नाही तर कारण दुसरीकडे शोधा.

उलट बाजू पण आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. धडधाकट कोळंबीवर पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे तळं स्वच्छ, असं अजिबात नाही. कोव्हिडमध्ये डॉक्टर सांगायचे ना, लक्षणं आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा, तेच. नमुना घेताना सुस्त, काठाला आलेली, लालसर झालेलीच कोळंबी उचलायची, पाग टाकून आलेली ताजीतवानी नाही.

पुढे याच मंडळींनी यलो हेडची पट्टी केली, २०११ ला दोन्ही व्हायरस एकाच पट्टीवर आणले.

आणि हे फक्त थायलंडचंच आहे असं नाही. आपल्याच किनाऱ्यावर, मंगळूरच्या फिशरीज कॉलेजमध्ये के. एम. शंकर यांच्या गटाने व्हाईट स्पॉटच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवल्या, २००२ ला ते काम छापून आलं, त्यावरून मेम्ब्रेनवर थेंब टाकायची इम्युनोडॉट टेस्ट निघाली, शेतकऱ्याने वापरावी म्हणून. त्यात सुमारे तीन तास जायचे. तीन तास म्हणजे लॅबच्या मानाने काहीच नाही, पण बांधावर डास मारत तीन तास बसून बघा. पुढे २०१३ मध्ये त्यांनीच फ्लो-थ्रू प्रकार केला, तो ८-१० मिनिटांत होतो. मंगळूर आपल्याला रत्नागिरीहून बँकॉकपेक्षा किती जवळ, तरी आपल्याकडच्या किती तळेवाल्यांना हे नाव माहीत आहे, विचारून बघा.

एका तळ्यावर

सिंधुदुर्गातलं एक व्हनामी जातीच्या कोळंबीचं फार्म, दोन तळी, नाव गाव नको. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला, दोन दिवसांत पाण्याचा खारटपणा खाली आला, रात्री गारवा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाचा फोन, एक नंबरच्या चेक ट्रेमध्ये खाणं तसंच उरलंय आणि बांधाच्या कडेने कोळंबी वर येऊन रेंगाळतेय. मी पोचलो तर पाच-सहा काठाला, शेपटी लालसर. कवचावर ठिपके म्हणाल तर नाहीत, व्हनामीत बऱ्याचदा ते धड दिसतच नाहीत, त्यामुळे "ठिपके नाहीत म्हणजे व्हाईट स्पॉट नाही" हे डोक्यातून काढून टाका.

किट त्यांच्याकडे होतं, गेल्या सीझनचं, शेडमध्ये मोटरच्या फळीवर. एक पाकीट आधीच कोणीतरी उत्सुकतेने फोडून तसंच ठेवलेलं. मी म्हटलं नवीन घ्या, तर मालक म्हणे "आधी ह्यां संपवूया, फुकट कशाक घालवूचा". पोहायचे पाय कातरले, छोट्या नळीत बफर घालून काडीने वाटले, थेंब टाकले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाणी वर चढलेलं दिसतंय पण 'टी' पण नाही आणि 'सी' पण नाही. कोरी. कामगाराने मान आत घालून बघितलं आणि म्हणाला "दोनय रेघो खंय गेले?" मालकाच्या चेहऱ्यावर मात्र हसू, निगेटिव्ह! त्यांना समजावायला जरा वेळ गेला की 'सी' आली नाही म्हणजे टेस्ट झालीच नाही, ही कोरी पट्टी काहीच सांगत नाही. मूळ थाई पट्टीसुद्धा कोरड्या पिशवीत ठेवायची होती ती उगाच नाही, कोकणातल्या हवेत फोडलेलं पाकीट आठवडाभर म्हणजे पापड मऊ होतो तसंच.

दुसरं पाकीट बंद होतं, तारखेत होतं. तोच रस. 'सी' आधी आली, मग सहाव्या-सातव्या मिनिटाला 'टी' च्या जागी अशी धुरकट सावली की आहे का नाही यावर आमची तिघांची तीन मतं, आणि पंधराव्या मिनिटाला दोन्ही रेघा सारख्याच ठसठशीत. अजून दोन कोळंब्या केल्या, दोन्ही तशाच. दोन नंबरच्या तळ्यातल्या तीन केल्या, तिन्ही निगेटिव्ह, पण त्या चांगल्या खाणाऱ्या होत्या म्हणून मी त्या निगेटिव्हला फार किंमत दिली नाही, त्यांचे नमुने अल्कोहोलमध्ये घालून पीसीआरला पाठवले.

"काढूचा की नाय तां सांगा," मालक म्हणाले. एक नंबर त्याच रात्री काढलं. ७० च्या काउंटला, म्हणजे किलोला ७० नग, महिनाभर थांबले असते तर बरंच मोठं झालं असतं, व्यापाऱ्याने घाईचा माल बघून भाव पाडलाच. पाणी खाडीत सोडलं नाही, ब्लिचिंग टाकून कोंडून ठेवलं. जाळी, टब, गमबूट एक नंबरचे तिथेच, दोन नंबरच्या बांधावर न्यायचे नाहीत, आणि खेकडे इकडून तिकडे जातात म्हणून मधल्या बांधावर जुनी जाळी आडवी लावली. शेजारच्या फार्मला फोन मीच केला, मालकाला तो करवत नव्हता, बदनामी होईल म्हणून.

दोन नंबरचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, पहिल्या स्टेपला निगेटिव्ह, नेस्टेडला पॉझिटिव्ह. मालक म्हणाले हे पण काढूया. मी म्हटलं थांबा, रोज सकाळी चेक ट्रे बघा, काठाला एक जरी सुस्त दिसली तर पट्टी करा. नवीन पाणी घेतलं नाही, एरेटर रात्री बंद पडू दिला नाही. अकराव्या दिवशी एक सापडली, पट्टी निगेटिव्ह, दुसऱ्या दिवशी काही नाही. अठराव्या दिवशी सकाळी दोन, दोन्ही पॉझिटिव्ह, संध्याकाळी तळं काढलं, ५२ च्या काउंटला. उरलेली तीन पाकिटं आता बर्फाच्या पेटीशेजारी स्टीलच्या डब्यात आहेत, झाकणावर मालकांनी खडूने लिहिलंय, "फोडू नये".